जगाचा नकाशा आणि डहाणूचा पाडा



रविवारची उपासना आटोपून बाहेर चहा घेताना गेले काही महिने एक प्रश्न हमखास निघतो. "डहाणूला एवढे मोठे बंदर होते आहे, लाखो नोकऱ्या येणार म्हणतात. मग आता त्या भागातल्या आदिवासींचे भले होणारच, नाही का?" विचारणारी माणसे करी रोड, लालबाग, परळची. अनेकांच्या घरातली एक तरी पिढी गिरणीत राबलेली. प्रश्न आपुलकीने विचारलेला असतो, आणि त्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' अशा एका शब्दात देता येत नाही. म्हणून या अंकात नेहमीच्या कार्यवृत्ताबरोबर हा लेख देत आहोत.

आधीच एक गोष्ट स्पष्ट करतो. ही पत्रिका कोणत्याही पक्षाची नाही. वाढवण बंदर व्हावे की होऊ नये यावर आपल्या मंडळीतही दोन मते आहेत. या लेखाचा विषय त्याच्या पुढचा आहे: बंदर उभे राहताना गरीब आदिवासी कुटुंबाच्या पदरात काय पडते, आणि ते कशावर ठरते?

दूरचे राजकारण पाड्यापर्यंत कसे येते

परराष्ट्र धोरण म्हटले की ते दिल्लीतल्या मोठ्या लोकांचे काम, असे आपल्याला वाटते. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर मात्र ते फार पूर्वीच पोहोचले आहे. या भागातले अनेक आदिवासी तरुण गुजरातच्या मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून जातात. समुद्रात कुंपण नसते. सीमा ओलांडली या आरोपावरून पाकिस्तानने पकडलेल्या भारतीय मच्छीमारांत या दोन तालुक्यांतले तरुणही असतात, आणि मग कराचीच्या तुरुंगात त्यांची वर्षे जातात. घरी बायको-मुलांना त्यांची खबर मिळते ती दोन देशांतले संबंध जसे असतील तशी. म्हणजे दोन सरकारांत काय चालले आहे, यावर एका पाड्यातली चूल अवलंबून असते.

वाढवणचेही तसेच आहे. डहाणू तालुक्यातले हे किनाऱ्यावरचे गाव. दादरला गाडी बदलून डहाणूकडे निघालो तर करी रोडपासून सव्वाशे किलोमीटरच्या आत. या गावाचे नाव आज जागतिक व्यापाराच्या चर्चेत का आले, ते आधी पाहू.

बंदर कशासाठी

आपला माल परदेशी जातो तो बहुतेक समुद्रमार्गे. आज जगात धावणारी सर्वात मोठी कंटेनर जहाजे वीस फुटी हिशेबाने चोवीस हजारांच्या आसपास कंटेनर वाहून नेतात. त्यांना किनाऱ्याजवळ खोल पाणी लागते. ते आपल्याकडे थोड्याच ठिकाणी आहे. त्यामुळे भारताचा बराच माल आधी छोट्या जहाजांतून कोलंबो किंवा सिंगापूरला जातो आणि तिथे मोठ्या जहाजावर चढतो. यात पैसा जातो, वेळ जातो, आणि आपला व्यापार दुसऱ्याच्या धक्क्यावर अवलंबून राहतो. शेजारी चीनचा वावरही वाढला आहे. श्रीलंकेने आपले हंबनटोटा बंदर २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या भाडेकराराने एका चिनी कंपनीकडे सोपवले. पाकिस्तानात ग्वादर बंदर चीनच्या मदतीने उभे राहिले. तेव्हा आपल्या किनाऱ्यावर आपले खोल पाण्याचे बंदर असावे, हा सरकारचा विचार समजण्यासारखा आहे. केरळातले विळिंजम बंदर याच विचारातून मे २०२५ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले.

वाढवणला किनाऱ्याजवळच सुमारे वीस मीटर नैसर्गिक खोली आहे. तिथे समुद्रात १,४४८ हेक्टर भराव टाकून, दहा किलोमीटरहून लांब लाटरोधक भिंत बांधून, प्रत्येकी एक हजार मीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनल्स उभारायची आहेत. अंदाजे खर्च ७६ हजार कोटी रुपयांहून अधिक. या कंपनीत ७४ टक्के वाटा जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा आणि २६ टक्के महाराष्ट्र सागरी मंडळाचा आहे. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पालघरला पायाभरणी झाली. सुमारे दहा लाख लोकांना प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष रोजगार मिळू शकेल, असे मंजुरीच्या वेळी सरकारने सांगितले.

त्याच निवेदनात आणखी दोन नावे होती: भारत–मध्यपूर्व–युरोप आर्थिक मार्गिका, आणि इराणमार्गे रशियाकडे जाणारी उत्तर-दक्षिण वाहतूक मार्गिका. पहिलीची घोषणा ९ सप्टेंबर २०२३ रोजी दिल्लीच्या जी-२० परिषदेत झाली. भारत, अमेरिका, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, फ्रान्स, जर्मनी, इटली आणि युरोपीय संघ त्यात आहेत. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून माल जहाजाने आखातात, तिथून रेल्वेने भूमध्य समुद्रापर्यंत आणि पुढे युरोपात, अशी ती कल्पना.

घोषणेला महिना उलटायच्या आत, ७ ऑक्टोबरला, इस्राएलवर हमासचा हल्ला झाला आणि गाझात युद्ध पेटले. पाठोपाठ तांबड्या समुद्रात येमेनच्या हौथींनी व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले. अनेक जहाजांना सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जावे लागले. मार्गिकेचे काम रखडले.

हे सगळे सांगण्याचे कारण एवढेच की जागतिक व्यापाराच्या रेघा नकाशावर ओढल्या जातात, पुसल्या जातात, पुन्हा ओढल्या जातात. देश एका मार्गाऐवजी दुसरा मार्ग शोधतो. पण त्या रेघेसाठी ज्याची जमीन गेली, ज्याचा मासेमारीचा पट्टा गेला, त्याला दुसरा मार्ग नसतो. म्हणून रेघ ओढतानाच त्याचा हिशेब झालेला असावा लागतो.

डहाणूचा आपला इतिहास

डहाणू हा साधा तालुका नाही. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने तो पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. उद्योगांवर मर्यादा आल्या. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ च्या अखेरीस डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी दोन दशकांहून अधिक काळ त्याचे अध्यक्ष होते. याच वाढवणला बंदर बांधण्याचा प्रस्ताव तेव्हाही आला होता. १९९८ मध्ये प्राधिकरणाने तो नाकारला.

पंचवीस वर्षांनी, ३१ जुलै २०२३ रोजी, त्याच प्राधिकरणाने अटी घालून नव्या प्रस्तावाला परवानगी दिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची पर्यावरण मंजुरी आली. मच्छीमार संघटना आणि पर्यावरण संस्था उच्च न्यायालयात गेल्या. एप्रिल २०२४ मध्ये त्यांच्या याचिका फेटाळल्या गेल्या आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले.

किनाऱ्यावर मांगेला आणि इतर मच्छीमार समाज राहतात. जरा आत आलो की चिकूच्या वाड्या. घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे. त्या वाड्यांत फळे उतरवणारे, गवत काढणारे, बोटींवर खलाशी असणारे, बंदरावर मासळी निवडणारे हात पुष्कळदा वारली, धोडिया, दुबळा कुटुंबांचे असतात. त्यांच्या नावावर वाडी नसते, बोटही नसते. बंदराच्या चर्चेत बोट असलेल्याचे नाव येते, वाडीवाल्याचे नाव येते. या तिसऱ्या माणसाचे नाव कुठे येते, हे आपण पाहायला हवे.

एक शब्द: 'मोकळी' जमीन

इथे क्षणभर करी रोडला परत येऊ. आपल्याला हा विषय समजायला फार दूर जावे लागत नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप कधी औपचारिकपणे मागे घेतला गेला नाही, पण गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. उरली ती जमीन: शहराच्या मध्यावरची सुमारे सहाशे एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. ढोबळमानाने त्याचा अर्थ असा की गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास होईल तेव्हा एक तृतीयांश पालिकेला मैदाने-उद्यानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, आणि उरलेला मालकाला.

२००१ मध्ये या नियमात दुरुस्ती झाली. वाटणी गिरणीच्या संपूर्ण जमिनीची न होता, ज्या जमिनीवर बांधकाम नाही तेवढ्या मोकळ्या जमिनीची होईल, असे ठरले. गिरणीच्या आवारात बहुतेक जागेवर शेड, खाती, गोदामे असतात. मोकळी अशी किती राहणार? शहराचा आणि घरांचा वाटा एका विशेषणाने आक्रसला. प्रकरण न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये दुरुस्तीच्या विरुद्ध निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये ती वैध ठरवली. कामगारांच्या घरांची म्हाडाची मोठी सोडत निघाली ती २०१२ मध्ये, ६,९२५ घरांची. अर्ज होते घरांच्या कितीतरी पट.

ना. म. जोशी मार्गावरून चालताना दिसणारे उंच मनोरे कोणी लपूनछपून बांधले नाहीत. सगळे नियमाने झाले. त्या नियमात एक शब्द कधी शिरला, हे ज्याच्या घराचा प्रश्न होता त्याला मात्र वेळेवर कोणी वाचून दाखवले नाही.

वाढवणच्या बाबतीतही असे दोन शब्द आहेत. ते आज, वेळ असताना, समजून घेऊ.

दुसरा शब्द: 'बाधित'

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात 'बाधित कुटुंब' कोणाला म्हणायचे याची व्याख्या दिली आहे, आणि ती बरीच उदार आहे. जमिनीचा मालक तर बाधित आहेच. पण ज्याच्या नावावर जमीन नाही असा शेतमजूर किंवा कूळ, जो संपादनाआधी तीन वर्षे त्या भागात राहतो किंवा काम करतो आणि ज्याची मुख्य उपजीविका त्या जमिनीवर आहे, तोही बाधित. वनहक्क मिळालेला आदिवासी बाधित. जंगलावर किंवा पाण्यावर पोट भरणारे, त्यात मच्छीमार आणि नावाडीही आले, तेही बाधित. जमीन गेली नसली तरी अशा कुटुंबाला पुनर्वसनाचा हक्क आहे. उपजीविकेसाठी एकाला नोकरी, किंवा एकरकमी पाच लाख रुपये, किंवा वीस वर्षे दरमहा किमान दोन हजार रुपये, असे पर्याय कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत.

कायद्यात आहे, पण यादीत येईल का? यादी सर्वेक्षणातून तयार होते. सर्वेक्षण करणारा माणूस कागद पाहतो: सातबारा, बोटीचे नोंदणीपत्र, रेशनकार्ड, मतदार यादी. वाडीतल्या मजुराकडे मजुरीचा कागद नसतो. दिवाळीनंतर पाडे रिकामे होतात, कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. सर्वेक्षण डिसेंबरात झाले तर दाराला कडी असते. कोणाचा वाईट हेतू नसतानाही ते कुटुंब यादीबाहेर राहू शकते.

आणखी एक अडचण आहे. बंदरासाठी जमीन घ्यावी लागणार नाही, कारण ते समुद्रात भराव टाकून होईल, असे सरकार सांगते. हे खरे आहे. पण समुद्राला सातबारा नसतो. तिथे पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणाऱ्याचे, आणि त्याच्या बोटीवरच्या खलाशाचे नुकसान भूसंपादनाच्या हिशेबात आपोआप धरले जात नाही. त्यांच्यासाठी वेगळे धोरण, वेगळी यादी लागते. जमिनीचा प्रश्न येतो तो बंदराला महामार्गाशी जोडणाऱ्या सुमारे बत्तीस किलोमीटरच्या रस्त्यासाठी आणि रेल्वेमार्गासाठी. हे रस्ते डहाणू आणि पालघर तालुक्यांतल्या गावांतून जातात. शिवाय एवढ्या लांबीच्या लाटरोधक भिंतीला दगड लागतो. दगड डोंगरातून येतो आणि डोंगराच्या पायथ्याशी पाडे असतात. सुरुंगाची धूळ ज्याच्या भातावर बसते, तो बाधित की नाही?

तिसरा शब्द: 'विचारविनिमय'

डहाणू तालुका राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालच्या क्षेत्रात येतो. अशा क्षेत्रांसाठी २४ डिसेंबर १९९६ पासून पेसा कायदा आहे. त्याचे नियम महाराष्ट्राने २०१४ मध्ये केले. या कायद्यानुसार अनुसूचित क्षेत्रात जमीन संपादन करण्याआधी ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीशी विचारविनिमय करावा लागतो. म्हणजे विचारावे लागते. ग्रामसभा 'नाही' म्हणाली तर काय, याचे उत्तर या शब्दात नाही.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने पुढचे पाऊल टाकले. त्याच्या ४१ व्या कलमात म्हटले आहे की अनुसूचित क्षेत्रात शक्यतो जमीन घेऊच नये, घ्यावीच लागली तर अगदी शेवटचा उपाय म्हणून, आणि तीही ग्रामसभेची पूर्वसंमती घेऊन. 'विचारविनिमय' या शब्दाच्या जागी 'संमती' हा शब्द आला. फरक केवढा मोठा आहे! पण त्याच कायद्याच्या १०५ व्या कलमाने काही जुने कायदे यातून वगळले. राष्ट्रीय महामार्ग कायदा आणि रेल्वे कायदा त्यांत आहेत. ऑगस्ट २०१५ च्या आदेशाने मोबदला आणि पुनर्वसनाच्या अनुसूची या कायद्यांनाही लागू झाल्या. संमतीचे कलम मात्र त्यात नव्हते. बंदराला जोडणारे मार्ग म्हणजे रस्ता आणि रेल्वे हे लक्षात घेतले की या तरतुदीचे महत्त्व कळते.

मोबदला चांगला मिळाला म्हणजे झाले, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. अहाब राजा आणि नाबोथाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकली आहे. अहाबानेही द्राक्षमळ्याच्या बदल्यात दुसरा चांगला मळा किंवा पैसे देऊ केले होते. किमतीत खोट नव्हती. पण नाबोथासाठी तो वाडवडिलांचा वारसा होता आणि त्याला तो द्यायचा नव्हता. किंमत किती हा एक प्रश्न, आणि माणसाला 'नाही' म्हणता येते का हा वेगळा प्रश्न. त्या गोष्टीत पुढे काय झाले ते राजाच्या नावाने लिहिलेल्या, मोहोर केलेल्या पत्रांनी झाले, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

ग्रामसभेला खरोखर विचारले तर काय होते, याचे उदाहरण ओडिशात आहे. नियमगिरी डोंगरातल्या बॉक्साइट खाणीबाबत सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी निर्णय दिला की तिथल्या ग्रामसभांनी ठरवावे. बारा गावांत सभा भरल्या. डोंगरिया कोंध आदिवासींनी बाराही ठिकाणी नकार दिला, आणि खाण झाली नाही. आपल्याकडे प्रत्येक प्रकल्पाला असाच नकार मिळावा असे आम्ही म्हणत नाही. होकार असो की नकार, तो गावाचा स्वतःचा असावा.

उरणचा धडा

बंदर आणि पुनर्वसन हा महाराष्ट्राला नवा विषय नाही. न्हावा-शेव्याचे बंदर मे १९८९ मध्ये सुरू झाले. त्या भागातल्या जमिनींसाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचे आंदोलन झाले. जासई-दास्तान परिसरातल्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे सूत्र पुढे आले. पण बंदराच्या प्रकल्पग्रस्तांच्या हाती या सूत्राची इरादापत्रे पडली ती ऑगस्ट २०१४ मध्ये. बंदर सुरू होऊन पंचवीस वर्षे झाली होती. शेवा कोळीवाड्यातून हलवलेल्या कुटुंबांना जी जागा मिळाली तिला वाळवीने ग्रासले, आणि त्यांचा पुनर्वसनाचा प्रश्न तीन दशकांहून अधिक काळ रेंगाळला.

ही उदाहरणे बंदर वाईट असते हे सांगण्यासाठी दिलेली नाहीत. त्या बंदरावर हजारो घरे चालतात. धडा एवढाच की बंदराचे धक्के वेळापत्रकाने बांधले जातात. पुनर्वसनाला वेळापत्रक नसते. ते कागदावर आधीच बांधून घ्यावे लागते. आणि उरणच्या आगरी-कोळी शेतकऱ्यांजवळ निदान सातबारा होता, संघटना होती, नेता होता. डहाणूच्या पाड्यातल्या भूमिहीन वारली बाईकडे यातले काय आहे?

मग आपण काय करू शकतो

आपण करी रोडला बसून बंदराचा निर्णय बदलू शकत नाही, आणि ते आपले कामही नाही. पण आपली मदत जिथे पोहोचते तिथे काही साध्या गोष्टींनी मोठा फरक पडतो.

पहिली गोष्ट, कागद. जातीचा दाखला, रेशनकार्ड, रोजगार हमीचे जॉबकार्ड, मतदार यादीतले नाव. ही कागदपत्रे प्रत्येक कुटुंबाकडे असणे म्हणजे यादीत येण्याची निम्मी लढाई जिंकणे. एका कुटुंबाचे कागद पूर्ण करायला तहसीलला चार-पाच खेपा होतात. प्रत्येक खेप म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे. आपल्या देणगीतला छोटासा भाग या खेपांवर खर्च झाला तर तो वायफळ समजू नका.

दुसरी गोष्ट, वनपट्टा. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर आदिवासी कुटुंबाला चार हेक्टरपर्यंत हक्क मिळू शकतो, आणि पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो. पट्टा असेल तर ते कुटुंब 'बाधित', नसेल तर 'अतिक्रमण करणारे'. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून हजारो आदिवासी शेतकरी याच पट्ट्यांसाठी चालत आले होते, ते आपल्याला आठवत असेल. दहावीच्या मुलांना परीक्षेला जाताना त्रास नको म्हणून सायनच्या सोमय्या मैदानातून ते मध्यरात्रीनंतर निघाले आणि उजाडायच्या आत आझाद मैदानावर पोहोचले. आपली मुले त्या सकाळी वेळेवर पेपरला पोहोचली.

तिसरी गोष्ट, पाड्याची स्वतःची ग्रामसभा. मोठ्या गावाच्या सभेत दूरच्या पाड्याचा आवाज विरून जातो. पेसाच्या नियमांप्रमाणे पाड्यातल्या मतदारांनी बहुमताने ठराव केला तर उपविभागीय अधिकाऱ्यांमार्फत तो पाडा वेगळे गाव म्हणून जाहीर होऊ शकतो आणि त्याची स्वतःची ग्रामसभा भरते. ठराव कसा लिहायचा, इतिवृत्ताची प्रत कशी मागायची, हे शिकवायला वकीलच लागतो असे नाही. निवृत्त शिक्षक, बँकेत किंवा पालिकेत कारकुनी केलेले आपल्या मंडळीतले अनेक जण हे काम उत्तम करू शकतात.

चौथी गोष्ट, शिक्षण. बंदरात नोकऱ्या येतील, पण त्या क्रेन चालवणाऱ्याला, संगणकावर कंटेनरची नोंद ठेवणाऱ्याला, वेल्डरला, इलेक्ट्रिशियनला मिळतील. स्थानिक तरुणांना कौशल्य प्रशिक्षण देण्याचे बंदर प्रशासनाने जाहीर केले आहे. अशा प्रशिक्षणाला बहुधा दहावी-बारावी किंवा आयटीआय लागते. आज सातवी-आठवीत असलेली मुलगी वीटभट्टीवर न जाता वसतिगृहात राहिली, तर बंदर उभे राहील तेव्हा ती त्या दाराशी उभी असेल. नाहीतर तिच्या वाट्याला फाटकाबाहेरची चहाची टपरी येईल, आणि तीही दुसऱ्याच्या मालकीची.

तेव्हा चहाच्या वेळी विचारलेल्या त्या प्रश्नाचे उत्तर असे: भले होऊ शकते, पण आपोआप होणार नाही. ते यादीत नाव आहे का, हातात पट्टा आहे का, ग्रामसभेत कोण बोलले आणि इतिवृत्तात काय लिहिले गेले, यावर ठरेल. २००१ मध्ये गिरणगावात नियमातला एक शब्द बदलला तेव्हा तो चाळीत येऊन कोणी वाचून दाखवला नाही. डहाणूच्या पाड्यावर जाऊन असे शब्द आधीच वाचून दाखवणे आपल्याला जमण्यासारखे आहे. वीटभट्टीवर गेलेली कुटुंबे पावसाच्या तोंडावर घरी परततात. कागदांचे काम तेव्हा सुरू करता येते. ज्यांना दोन-तीन दिवस काढून लिहिण्या-वाचण्याच्या या कामाला यायचे असेल, त्यांनी उपासनेनंतर आपले नाव जरूर द्यावे.